कावळ्याला विचारलेला प्रश्न

पिंड मांडून अर्धा तास होऊन गेला, तरी कावळा शिवेना. भीमेच्या काठावर शंभरएक माणसे उन्हात ताटकळत होती. समोरच्या बाभळीवर चार-पाच कावळे बसून होते. खाली एकही उतरत नव्हता. मग अशा वेळी नेहमी होते तेच सुरू झाले. सासऱ्यांनी हात जोडून सांगितले, "पोरींना काही कमी पडू देणार नाही." कावळा हलला नाही. तिच्या आईने पदर तोंडाला लावून सांगितले, "तान्हीला मी वाढवते. तू जा आता सुखानं." तरी नाही. कुणीतरी नवऱ्याला पुढे ढकलले. तो काय पुटपुटला ते ऐकू आले नाही. माणसे चार पावले मागे सरली आणि एक कावळा उतरून भाताला चोच लावून गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "काहीतरी इच्छा राहिली होती गं बिचारीची."

ती माझ्या भाच्याची बायको. वय सव्वीस. मागे चार वर्षांची एक मुलगी आणि सोळा दिवसांची दुसरी. 'बायका कशाला घाटावर' ही कुजबुज कानाआड करून मी तिथे उभी होते, आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. या मुलीची इच्छा काय आहे, हे आमच्या घराने बहुधा पहिल्यांदाच विचारले होते. आणि विचारले ते कावळ्याला.

माणसे मागे सरली म्हणून पक्षी खाली आला, एवढे कळायला पक्षिशास्त्र लागत नाही. ज्या घाटावर रोज तीन-चार दहावे होतात, तिथल्या कावळ्यांचे पोट सहसा भरलेले असते. पण माझा वाद कावळ्याशी नाही. मृत माणसाला इच्छा असते असे आपण मानतो आणि ती पुरी करण्यासाठी उन्हात तिष्ठत उभे राहतो. ही चांगुलपणाचीच खूण म्हणता येईल. प्रश्न इतकाच आहे, की हा चांगुलपणा दहा दिवस उशिरा का जागा होतो?

आमच्याकडे दहाव्याला प्रवचन असते आणि मग श्रद्धांजलीची भाषणे. त्या दिवशी पाच भाषणे झाली. सोसायटीचे चेअरमन, मुलीच्या माहेरचे सरपंच, एक शिक्षक, आणखी दोघे. पाचही जणांनी जवळजवळ तेच सांगितले. ती फार सोशिक होती. स्वतःसाठी तिने कधी काही मागितले नाही. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर जेवायची. दुखले-खुपले कुणाला कळू दिले नाही. थोरल्या मुलीत तिचा जीव अडकलेला असायचा. शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही.

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. नेमकी तीच अडचण आहे.

कारण भाषणात सांगितलेला एकेक गुण दवाखान्याच्या कागदावर एकेक कारण म्हणून उतरवता येतो. सगळ्यांचे झाल्यावर जेवणारी बाई उरलेले जेवते. तिच्या माता व बाल संरक्षण कार्डावर हिमोग्लोबिनच्या रकान्यात पहिल्यांदा ७.८ आणि नंतर ७.४ लिहिलेले आहे. गरोदर बाईला ते किमान ११ हवे. तिसरा रकाना कोरा आहे, कारण तेव्हा घरात लग्न होते आणि तपासणीला जायचे राहिले. लोहाच्या गोळ्या फडताळातल्या डब्यात तशाच सापडल्या. त्या घेतल्या की बाळ काळे होते, असे तिला घरातल्याच कुणीतरी सांगितले होते. थोरलीत जीव अडकलेला म्हणून बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती घरी आली. साध्या बाळंतपणानंतरही किमान ४८ तास दवाखान्यात राहावे, असे सरकारी नियम सांगतो आणि ती सोय तिथे फुकट असते. पाचव्या दिवशी घरात पाचवीची पूजा झाली. पाहुणे होते. त्या रात्री तिला रक्तस्राव सुरू झाला आणि दमलेल्या माणसांना उठवायचे कसे, म्हणून तिने पहाटेपर्यंत कुणाला हाक मारली नाही. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडा स्रावही झेपत नाही. तिचा तर थोडा नव्हता. पहाटे गाडी शोधण्यात तास गेला. पहिल्या दवाखान्यात रक्त नव्हते, त्यांनी पुढे पाठवले. पुढच्या ठिकाणी ती पोचली, पण उशिरा.

आणि मी? पाचवीच्या दिवशी दुपारी मी फोन केला होता. बाळ कसे आहे, दूध पुरते का, रात्री झोपते का, नाव काय ठेवायचे ठरले, सगळे विचारले. "आत्या, तुम्ही बारशाला नक्की या," असे ती म्हणाली. तिला स्वतःला कसे वाटते आहे, हे विचारायचे माझ्याकडूनही राहून गेले. प्रबोधनाचे लेख लिहिणाऱ्या बाईकडून राहिले, हे मुद्दाम नोंदवते. नाहीतर वाचक समजतील की मी सोवळ्यात उभी राहून घरच्यांना बोल लावते आहे.

अशी एखादी तरुण आई गेली की आपल्या समाजाकडे तिला ठेवायला दोनच जागा असतात. पहिली देव्हाऱ्यातली. तिला हिरवे लुगडे नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात, बायका रांग लावून पाया पडतात आणि म्हणतात, अहेवपणी गेली, पुण्यवान हो! छापील पत्रिकेवर नावाआधी 'कै. सौ.' येते; मेल्यावरही सांगायचे काय, तर नवरा जिवंत आहे. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, तिच्या नावाने एखाद्या सवाष्णीला जेवू घालतात. नवऱ्याआधी गेलेल्या बायकोला भाग्यवान म्हणणारा हा समाज बायकोआधी गेलेल्या नवऱ्याला कधी भाग्यवान म्हणताना ऐकला आहे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याचे सगळीकडे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्या ठरावातून सरळ निघणारे दुसरे अनुमान आपण काढले नाही. विधवा होणे हे जर अमंगळ नसेल, तर कुंकवासकट मरणे हे मंगल कसे? सव्विसाव्या वर्षी रक्त वाहून गेलेल्या मुलीच्या पायांवर डोके ठेवताना आपण नेमके कशाला नमस्कार करत असतो?

दुसरी जागा गावाबाहेरची. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, अळवंतीण होते, अशी समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिने परत येऊ नये म्हणून स्मशानाच्या वाटेवर राळे फेकत, एकेक दाणा वेचल्याशिवाय तिला घराकडे येता येऊ नये म्हणून. उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकत. आज हे उघडपणे फारसे कुणी करत नाही. पण त्या दिवशी आमच्याच घरी एका पाहुणीने तान्हीच्या उशाखाली गुपचूप विळा सरकवला, हे मी पाहिले. आई लेकराला न्यायला येईल म्हणे.

या समजुतीकडे थोडे थांबून पाहायला हवे. साप चावून गेलेला, विहिरीत पडून गेलेला, म्हातारपणाने गेलेला माणूस घरावर सूड घ्यायला येतो असे आपण सहसा मानत नाही. बाळंतीणच का येते? जी आयुष्यभर अक्षर बोलली नाही, तीच मेल्यावर केस मोकळे सोडून का किंचाळते? ज्या घराला तिची भीती वाटते, त्या घराला काहीतरी ठाऊक असते. हडळीची गोष्ट ही मला तरी बाईची वाटत नाही. ती घराच्या खाल्लेल्या मनाची वाटते. देवी काय आणि हडळ काय, दोन्हींचा उपयोग एकच. देवीला मरणाचे कारण विचारायचे नसते आणि हडळीला विचारण्याचे धाडस नसते. राहून जाते ती मधली बाई, जिला भूक लागत होती आणि जिला पहाटेपर्यंत कुणाला हाक मारवली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो मला त्याच दिवशी माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे तिच्या सासऱ्यानेच, ऐकवला. "आयुष्याची दोरी तेवढीच होती. सटवाईनं लिहिलेलं कुणाला चुकलंय?"

त्याचा लेक बायकोवाचून आणि नाती आईवाचून राहिल्या होत्या. तेव्हा मी गप्प बसले. पण उत्तर द्यायला हवे, कारण या एका वाक्याने आपल्याकडची हजारो मरणे निकालात निघतात. २०१८ ते २०२० या काळातले नमुना नोंदणीचे सरकारी आकडे घ्या. एक लाख जिवंत जन्मांमागे बाळंतपणाशी निगडित कारणांनी जाणाऱ्या आया केरळात १९, महाराष्ट्रात ३३, साऱ्या देशात सरासरी ९७ आणि आसामात १९५. सटवाई मल्याळी मुलींच्या कपाळावर सांभाळून लिहिते आणि आसामी मुलींच्या कपाळावर दहापट निष्ठुरपणे, असे म्हणायचे आहे का? नशीब राज्याची सीमा पाहून बदलत असेल, तर त्याला नशीब म्हणण्यात अर्थ नाही. त्याला रस्ता म्हणावे, रक्तपेढी म्हणावी, शाळा म्हणावी, ताटातली भाजी म्हणावी.

सटवाईचीच गोष्ट पुढे नेऊ. पाचव्या किंवा सहाव्या रात्री ती येते आणि बाळाचे भविष्य लिहिते, म्हणून पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. नेमकी हीच रात्र का? एक संभाव्य कारण असे, की मळक्या विळ्याने नाळ कापलेल्या आणि नाळेवर शेण-राख लावलेल्या बाळाला धनुर्वात होतो, तो जन्मानंतर साधारण पहिल्या आठवड्यातच. चांगले दूध पिणारे मूल पाचव्या-सहाव्या दिवशी अचानक दूध सोडे, आखडे आणि जाई. रोगजंतू माहीत नसलेल्या माणसांनी त्या रात्रीला एक देवता नेमली. त्यांना दोष देणार नाही. त्यांनी निदान दिवस अचूक टिपला होता. नंतर गरोदर बायांना धनुर्वाताची लस मिळू लागली, नाळ कापायला नवे कोरे पाते आले, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. २०१५ साली माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. अटळ म्हणून गणलेले ललाटलेख दोन इंजेक्शनांनी पुसले गेले. आम्ही मात्र अजून कागद-लेखणी मांडतो आणि ज्या खोलीत ती मांडतो, तिच्या शेजारच्या खोलीत आई पांढरीफटक पडलेली असते तिकडे पाहत नाही.

आपलेच लोक तेवढे अडाणी, असे मला सुचवायचे नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. सुइणींच्या विभागात शंभरात सुमारे चार बाया सूतिकाज्वराने जात; डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या विभागात सुमारे दहा. बाया दुसरीकडे घ्या म्हणून गयावया करत. विद्वानांनी दूषित हवेपासून ते मरणासन्नांसाठी घंटा वाजवत जाणाऱ्या धर्मगुरूच्या भीतीपर्यंत कारणे शोधली. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये दाखवून दिले, की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बायांना तपासतात. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू शंभरात दोनच्या आसपास आले. त्याचे आभार मानले गेले असतील असे वाटते? डॉक्टरांना राग आला. सभ्य माणसाचे हात अस्वच्छ कसे असतील? तो १८६५ मध्ये मनोरुग्णालयात मेला. कारण विचारणाऱ्यावर चिडणे ही काही एका देशाची मिरास नव्हे.

त्याच १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी आई, आणि दहा दिवसांत मूल गेले. त्या काळी असे घरोघर होत असे. दुःख करायचे, देवाची इच्छा म्हणायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा गरोदर राहायचे. या मुलीने आपल्या दुःखाला कारण विचारले. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही, हे तिला मिळालेले उत्तर होते. ते घेऊन ती अमेरिकेत गेली, मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली, आणि प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, क्षयाने ती गेली. आपण तिचे फोटो शाळांमधून लावतो, पतिव्रता आणि जिद्दी अशी विशेषणे लावतो. तिची खरी शिकवण त्या दहा दिवसांच्या बाळाशी आहे, तिकडे फार कुणी वळत नाही.

र. धों. कर्व्यांनी ही शिकवण घेतली होती. वारंवारच्या बाळंतपणांनी बायका झिजतात आणि मरतात, हे पाहून त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यांच्यावर खटले झाले, ते अश्लीलतेचे. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, आणि पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयीचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. आई मेली तर दैव आणि आई मरू नये म्हणून बोलले तर अश्लीलता, असा हा हिशेब होता. तो आज पूर्ण मिटला आहे असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला भाबडा वाटत नाही. लोक विचारतात, म्हणजे आईने त्याग करू नये? माया करू नये? पोटच्या पोरासाठी जागायचे नाही?

जागावे. माया करावी. मी वात्सल्याच्या विरोधात लिहीत नाही. त्याच्या वाटणीविषयी लिहिते आहे. त्याग हा सद्गुण असेल, तर तो घरातल्या सगळ्यांसाठी सद्गुण असायला हवा. जो गुण एकाच व्यक्तीकडून रोज वसूल केला जातो आणि बाकीच्यांना माफ असतो, त्याला शेतसाऱ्यासारखा कर म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी २५ टक्के जणांना रक्तक्षय असल्याचे दिसले. चूल एकच, धान्य एकच. पाळी आणि बाळंतपणामुळे बायकांचे रक्त अधिक जाते, हे खरेच. पण मग त्याच कारणाने तिच्या ताटात अधिक पडायला हवे, की भांडे खरवडून जे निघेल ते? आपल्या घरात जिला सर्वांत जास्त लोह लागते ती सर्वांत शेवटी जेवते, आणि याला आपण संस्कार म्हणतो.

'कुणाला त्रास दिला नाही' ही तर मला आपल्या भाषेतली सर्वांत घातक स्तुती वाटते. गरोदर आणि बाळंत बाईने त्रास द्यायलाच हवा. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पायांवर सूज चढते, अंगावरून जास्त जाते, ताप येतो, यातले काहीही झाले तर मध्यरात्री सगळे घर उठवायला हवे. उठवणारी सून चांगली, असे एकदा तरी एखाद्या सासूने चार पाहुण्यांसमोर म्हणावे. शंभर पोस्टरांनी होणार नाही ते काम त्या एका वाक्याने होईल.

शहरातले, शिकलेले वाचक इथवर मान डोलावत आले असतील; गावाकडे अजून फार अंधार आहे, असे मनात म्हणत. तर त्यांच्यासाठी थोडे. पंचांगातला मुहूर्त पाहून सिझेरियनची वेळ ठरवणारी कुटुंबे भीमेच्या काठी राहत नाहीत. ती तुमच्या-माझ्या सोसायटीत राहतात आणि बाळाच्या कुंडलीसाठी आईच्या पोटावरचा चिरा अलीकडे-पलीकडे सरकवतात. नोकरी, घर, मूल सगळे हसत सांभाळणारी 'सुपरमॉम' ही सोशिक सुनेचीच इंग्रजी शाळेत गेलेली बहीण आहे. बाळंतपणानंतर तिला रडू फुटते, झोप लागत नाही, मुलाकडे पाहवत नाही, तेव्हा वातानुकूलित खोलीतही तिला ऐकवले जाते, "एवढं गोड बाळ असताना रडतेस काय?" खेड्यात अंगावरचा स्राव लपवतात, शहरात मनावरचा. आणि बायकोला 'मदत' करणारे नवरे! स्वतःच्या मुलाचे दुपटे बदलणे ही ज्याला मदत वाटते, त्याने मूल कुणाचे आहे ते एकदा ठरवून घ्यावे.

जुने सगळे टाकून द्या, असे मात्र मी म्हणणार नाही. सव्वा महिना बाळंतिणीने बाहेर पडू नये, हा नियम विटाळाच्या नावाने आला, पण त्याने तिला विश्रांती मिळवून दिली. अळिवाच्या आणि डिंकाच्या लाडवांनी तिच्या पोटात तूप-गूळ तरी गेला. विटाळ सोडावा, विश्रांती ठेवावी. लाडू ठेवावे आणि शेजारी गोळीही ठेवावी. रूढीला नावाने ओळखण्यापेक्षा कामाने तपासणे हाच सुधारकाचा जुना रिवाज आहे. आमच्या घरात उलट झाले होते. पाचवी साग्रसंगीत झाली आणि विश्रांती राहिली.

तिसरा आक्षेप भाच्याने घेतला, आणि त्याला उत्तर देताना माझा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "आत्या, आता हे सगळं उकरून काय मिळणार? मीच तिला मारलं असं म्हणायचंय का तुला?"

नाही म्हणायचे. आणि म्हणूनच चौकशी आणि आरोप यांतला फरक समजून घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय छाननी होते. बाईचे, डॉक्टरचे, इस्पितळाचे नाव झाकून, कारण हेतू शिक्षेचा नसतो. केरळातल्या प्रसूतितज्ज्ञांनी २००४ पासून हीच रीत आपलीशी केली आणि त्यातून रक्तस्राव कसा लवकर ओळखायचा, रक्तदाब कसा हाताळायचा याचे धडे सगळ्या राज्याला मिळाले. आपल्याकडेही प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण व्हावे, गावात घरी येऊन माहिती घ्यावी, असा दंडक आहे. त्या छाननीत तीन विलंब मोजतात: घराने ठरवायला लावलेला, वाटेत झालेला आणि दवाखान्यात झालेला. आमच्या मुलीच्या बाबतीत तिन्ही झाले. पहिला आमचा, दुसरा रस्त्याचा, तिसरा रक्त नसलेल्या दवाखान्याचा. घराने स्वतःचा विलंब कबूल केला, तरच उरलेल्या दोन विलंबांचा जाब ताठ मानेने विचारता येतो. 'दोरी तेवढीच होती' म्हणणारे घर दवाखान्यालाही त्याच दोरीने मोकळे करते.

चौकशीला आशाताई आणि आरोग्य खात्यातले दोघे येतील तेव्हा त्यांना काय सांगायचे, यावर आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत खल झाला. वहिनीचे मत होते, ती जेवत नव्हती असे सांगू नये. लोक काय म्हणतील? मोठ्या वेळाने भाचाच म्हणाला, "गोळ्यांच्या डब्याचंही सांगायचं." मग कुणी बोलले नाही.

त्या घरात आता तिची आठवण कशी ठेवायची, हाही प्रश्न आहेच. नवमीला सवाष्ण जेवू घालायची तर घालावी. जेवणाने कुणाचे वाईट होत नाही. पण त्या दिवशी गावातल्या ज्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन सर्वांत कमी आहे ती आशाताईला विचारून बोलवावी, तिला सगळ्यांच्या आधी बसवावे, आणि ती विधवा असली किंवा टाकलेली असली तरी बसवावे. मी असे सुचवले तेव्हा भाऊ म्हणाला, "भटजींना विचारतो." विचारू दे. भटजींना आवडले नाही तरी तिला भूक लागलेली असेलच.

आणि थोरली. ती चार वर्षांची आहे. तिला सांगितले आहे, की आई देवाला फार आवडली म्हणून देवाने तिला नेले. यातून मुलीने काय समजायचे? की देवाला आवडू नये? मी तिला एवढेच सांगितले, की आईला खूप बरे नव्हते, डॉक्टरांपर्यंत पोचायला उशीर झाला आणि ती गेली. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "तिने हाक का नाही मारली?"

तिच्या आईची आणखी काही माहिती मी गोळा करते आहे. बारावीला तिला गणितात गावात सर्वांत जास्त गुण होते. तिला पोहता येत होते, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हते. सासरी विहिरीवर बायका पोहत नाहीत. तिला पोस्टाची परीक्षा द्यायची होती आणि तिने फॉर्म आणून ठेवला होता. म्हणजे इच्छा होती. वहीच्या पानात घडी घालून ठेवलेली होती, वाचायला कावळ्याची गरज नव्हती.

तिचे कपडे वाटून टाकताना ते कार्डही रद्दीत निघाले होते. ते मी मागून घेतले. विसेक वर्षांनी एखाद्या दवाखान्यात या मुलींपैकी एकीला डॉक्टर विचारतील, आईच्या बाळंतपणात काही गुंतागुंत झाली होती का? काही आजार आईकडून लेकीकडे उतरतात, म्हणून हा प्रश्न विचारायची पद्धत आहे. कार्डाच्या तिसऱ्या, कोऱ्या रकान्याखाली मी तारीख, वार आणि त्या रात्री काय झाले ते शाईने लिहिले आहे. त्यात 'दुपारी आत्याने फोन केला होता' हेही आहे.